वाघमारे बाई आणि वाडीची वाट

मागच्या महिन्यात लातूरला प्रशिक्षण होतं. विषय, शाळेतली सुरक्षितता. प्रशिक्षण म्हणलं की माझं डोकं आधीच उठतं. हॉलमधला पंखा आपल्या डोक्यावरचा सोडून बाकी सगळीकडं फिरतो, आणि पुढं उभा राहून एक तरुण पोरगा पडद्यावर चित्रं दाखवत आपलंच काम आपल्याला समजावून सांगतो. त्यानं विचारलं, "कोरोनानंतर शाळा पुन्हा सुरू केली तेव्हा तुमच्यापुढची सगळ्यात मोठी अडचण कोणती होती?" कुणी म्हणलं सॅनिटायझर. कुणी म्हणलं मास्क, पोरं नाकाखालीच ठेवायची. कुणी पालकांच्या संमतीपत्राचं रडगाणं गायलं. माझी पाळी आली तेव्हा मी म्हणलं, "केळी."

सगळे हसले. तो पोरगाही हसला आणि पुढच्या माणसाकडं वळला. बरंच झालं. समोशाची वेळ झाली होती, आणि वाघमारे बाईंची गोष्ट समोशाच्या रांगेत उभं राहून सांगण्यासारखी नाही.

आमची शाळा अर्धापूरच्या पुढं, केळीच्या पट्ट्यात. अर्धे वर्ग पत्र्याचे, अर्धे स्लॅबचे. मी मूळचा लातूरचा, राहतो नांदेडला, रोज मोटारसायकलनं अप-डाऊन करतो. खाजगी संस्था, त्यामुळं बदली नाही. इथंच लागलो, इथंच पिकणार. वाघमारे बाई आमच्या मुख्याध्यापिका. बिलोली तालुक्यातल्या एका खेड्यातून आलेल्या. अंगानं बारीक, उंची बेताची, कडक इस्त्रीची सुती साडी आणि खालच्या पट्टीतला आवाज. त्या ओरडत नसत. उलट आवाज जेवढा खाली जाई तेवढं आम्ही सावध होत असू. शाळेत त्यांची भाषा पुस्तकातल्यासारखी, 'ण' ला 'ण' आणि 'न' ला 'न'. पण राग अनावर झाला की तोंडातून बिलोली बाहेर यायची. बाई "नाही" म्हणाल्या तर वाद घालायला थोडी जागा असायची. "न्हाई" म्हणाल्या की स्टाफरूममधले लोक गुमान आपापल्या वर्गाकडं निघायचे.

पोरांना त्या पूर्ण नावानं हाक मारत. "गजानन रामराव कदम, पाठीमागे बघू नका." एवढ्याशा पोराला अहो-जाहो. नवीन पोरं आधी दचकायची, मग घरी जाऊन आईला सांगायची की हेडबाई मला तुम्ही म्हणाल्या. शाळेच्या आवारातलं एक लंगडं कुत्रं तेवढं एकेरीवर सुटलं होतं.

आणि नियम! अरे बापरे, तो नियम! "नियम मोडायला कारण लागतं, पाळायला लागत नाही," हे त्यांचं नेहमीचं वाक्य. दुसरं वाक्य आमच्यासाठी खास राखलेलं. कुणी खुर्चीत बसताना "दमलो बुवा" असं म्हणालं की बाई कागदावरून मान वर न करता म्हणत, "दमणं ही रजा नाही, सर." त्यांच्या माघारी आम्ही त्याची नक्कल करायचो. आमचे पीटीचे शेख सर तर नमाज पढून उठतानासुद्धा गुडघा धरून तेच म्हणायचे.

कोरोनाच्या पहिल्या उन्हाळ्यात शाळा विलगीकरणाला दिली होती. पुण्या-मुंबईहून परतलेली माणसं आमच्या वर्गांत चौदा-चौदा दिवस राहून गेली. दिवाळी झाली आणि नववी-दहावीचे वर्ग सुरू करण्याचा आदेश आला. कुलपं काढली तर फळ्यावर कुणीतरी आपल्या लेकरांची नावं लिहून ठेवलेली, खिडकीत वाळलेल्या भाकरीचे तुकडे, कोपऱ्यात सुतळीवर विसरलेला टॉवेल. बाईंनी सगळे वर्ग फवारून घेतले, धुऊन घेतले, आणि वरून स्वतः नाकाला पदर लावून एकेक बाक पुसला. शिपाई लाजला, आम्ही लाजलो, मग सगळ्यांनीच फडकी घेतली. शेख सरांनी कबड्डीची रेघ मारायच्या फक्कीनं फाटकापासून नळापर्यंत गोल आखले. एका गोलात एक पोरगं.

पहिल्याच आठवड्यात संस्थेचे अध्यक्ष पाहणीला आले. पांढरी गाडी, मागं चार माणसं, कुणाच्याच तोंडाला मास्क नाही. बाई फाटकात तापमान मोजायची ती गन घेऊन उभ्या. अध्यक्ष हसत पुढं आले तशा बाई म्हणाल्या, "साहेब, गोलात." साहेबांना वाटलं चेष्टा. बाई जागच्या हलल्या नाहीत. मागून एकजण पुटपुटला, "बाई, ओळखलं न्हाई का, अध्यक्षसाहेब हायेत." बाई म्हणाल्या, "ओळखलं म्हणून तर सांगते आहे. ते आजारी पडले तर शाळेचं काय होईल?" साहेब गोलात उभे राहिले, कपाळावर गन लावून घेतली, साबणानं हात धुतले, खिशातला रुमाल तोंडाला बांधला. खिडकीतून दहावीची पोरं बघत होती. त्या दिवसानंतर गोलाबाहेर कुणाचा पाय पडला नाही.

हे सगळं मी कौतुकानं सांगतोय, पण तेव्हा आम्ही पार बेजार होतो. सकाळी थंडीत लवकर येऊन हात धुवायला लावायचे, गन लावायची, मास्कआडून घसा फोडून शिकवायचं, आणि घरी गेल्यावर अंगणातच कपडे काढून आंघोळ करायची. कुणाला खोकला आला तर शब्द न बोलता सगळे दोन पावलं मागं सरकायचे. बाईंचं वय निवृत्तीला टेकलेलं, साखरेच्या गोळ्या चालू, नांदेडला घरी एकट्या. तरी फाटकात सगळ्यांच्या आधी त्याच.

तर अडचण अशी की एका बाकावर एकच पोरगं बसवायचं म्हणजे वर्गात अर्धीच पोरं मावणार. अर्धी एका दिवशी, अर्धी दुसऱ्या दिवशी. अर्धी म्हणजे कोणती? बैठक बसली. शेख सर म्हणाले, "मॅडम, ज्याला जसं जमतंय तसं येऊ द्या की. उगं कशाला परेशानी?"

बाई म्हणाल्या, "हजेरी नंबरप्रमाणे. वरचे एका दिवशी, खालचे दुसऱ्या दिवशी."

शेख सरांनी तोंड वाकडं केलेलं मास्कमधूनही दिसलं असावं. कारण एरवी कारण न सांगणाऱ्या बाई त्या दिवशी बोलल्या. त्यांच्या गावच्या शाळेत त्यांच्या गल्लीतली पोरं दारापाशी बसत, चपलांजवळ. तिथं बसा असं कुणी सांगितलेलं नव्हतं, तिथून उठा असंही कुणी सांगत नव्हतं. ती जागा ठरूनच गेलेली. मग तेलंगणाकडून एक नवे मास्तर आले. त्यांचं मराठी मोडकं, नजर अधू, आणि पोरांची नावं काही केल्या पाठ होईनात. म्हणून त्यांनी फर्मान काढलं, उद्यापासून सगळे नंबरवार बसा. "त्या माणसाच्या मनात समाजसुधारणा वगैरे काही नव्हती, सर," बाई म्हणाल्या. "त्याला नावं लक्षात राहत नव्हती, एवढंच. पण माझा नंबर दुसऱ्या बाकावर येत होता. मी जाऊन बसले. कुणाला उठवता आलं नाही, कारण नंबर होता. मर्जी चांगली असते, पण ती कुणाची असते ते बघावं लागतं."

नंबरप्रमाणे ठरलं. आमच्या हजेरीत आधी मुली, मग मुलं. म्हणजे आपसूकच एक दिवस मुलींचा, एक दिवस मुलांचा झाला. तेव्हा ते कुणाला खटकलं नाही. उलट शेख सर म्हणाले की आठवड्याचे तीन दिवस तरी कानाला आराम मिळेल.

पहिले काही दिवस ठीक गेले. मग मुलींच्या दिवशी बाक रिकामे दिसायला लागले. गावातल्या मुली येत होत्या. वरच्या वाडीच्या मात्र एकेक करून गळाल्या. वाडी म्हणजे शाळेपासून अर्ध्या तासाची पायवाट, सगळी केळीच्या बागांतून. त्यातली शीतल दहावीत होती. गणितात हुशार, आणि हुशार असल्याचं लपवून ठेवायची सवय असलेली पोरगी. तिचा चुलत भाऊ गजानन त्याच वर्गात, तो आपल्या दिवशी न चुकता हजर. आम्ही म्हणलं, भीती आहे, पोरींना जास्त जपतात लोक, साथ ओसरली की येतील. बाई रोज हजेरी घेताना "शीतल माधव कदम" म्हणायच्या आणि जरा थांबायच्या. एक दिवस त्यांनी गजाननला विचारलं. तो फक्कीच्या गोलाकडं बघत म्हणाला, "तिची सोयरीक झालीय, बाई. औश्याकडले पाव्हणे हायेत."

शाळा सुटल्यावर बाई मला म्हणाल्या, "चला." मी गाडी काढली. तर एका गाडीवर दोघं बसणं नियमात बसत नाही म्हणून आम्ही पायी निघालो.

ज्यांनी वाढलेली केळीची बाग आतून बघितली नाही त्यांना सांगतो. दोन्ही बाजूंनी पानं वाटेवर आलेली असतात, खाली ओल, वर आभाळ जेमतेम. पाच हातांवरचा माणूस दिसत नाही, फक्त पानांचा आवाज येतो. मधे कुठं घड उतरवणारे बाहेरगावचे गडी भेटतात, तेही एकदम समोरच येतात. बाई अर्ध्या वाटेत थांबल्या. मला वाटलं साखर कमी झाली असेल. त्या पुढच्या वळणाकडं बघत होत्या. म्हणाल्या, "मी इथं सात वर्षं आहे आणि या वाटेनं आज पहिल्यांदा आले."

शीतलचे वडील माधवराव ओट्यावर बसलेले. घरची बाग, माणूस खाऊनपिऊन सुखी. "या बाई, या सर," म्हणून त्यांनी बाज टाकली. शीतल आतून एकदा डोकावली आणि गेली. पाणी आलं. मला स्टीलच्या पेल्यात, बाईंना प्लास्टिकच्या, एकदा वापरून टाकायच्या ग्लासात. माधवराव घाईनं म्हणाले, "कोरोनामुळं, बरं का बाई." बाईंनी माझ्या पेल्याकडं बघितलं आणि पाणी पिऊन टाकलं. त्या पाण्याबद्दल परतीच्या वाटेवर एवढंच म्हणाल्या, "लई सोयीचा आजार हाय, सर."

"शीतलला शाळेत का पाठवत नाही?" त्यांनी माधवरावांना विचारलं.

"आता कशाला, बाई? सोयरीक चांगली आली. आवंदा पन्नास माणसांतच लगीन करा म्हणून सरकारच म्हणून राहिलं. ना बँड, ना जेवणावळी. माघात उरकून टाकतो."

"तिला सोळावं चालू आहे. अठराच्या आत लग्न लावता येत नाही. मला पोलिसांना कळवावं लागेल."

"कळवा की," माधवराव शांतपणे म्हणाले. "पन्नासच माणसं बोलावून राहिलो. समदं नियमात हाय."

बाईंचा आवाज खाली गेला. "मुलगी शाळेत असती तर तुम्ही सोयरीक बघितली असती का?"

उत्तर आलं ते दारातून. चौकटीला टेकून शीतलची आई उभी होती, तोंडाला पदर. ती म्हणाली, "शाळेत कशी असती बाई? तुम्हीच तर भावाचा दिस येगळा अन् बहिणीचा दिस येगळा केला."

बाईंना कळलं नाही. मलाही लगेच कळलं नाही.

"पोरं म्होरं चालायची, पोरी मागून," आई सांगू लागली. "माझी सासू नवी नवरी होती तवापासून वाडीची हीच रीत हाय. केळीतून पोरी एकट्या धाडायच्या न्हाईत. पोरं संगं असली तर कुणाला कायबी वाटत न्हाई. आता पोरांचा दिस सोमवारी अन् पोरींचा मंगळवारी. कोण घेऊन येईल तिला? ह्यांनी दोन-चार दिस सोडलं. मंग बागंचं काम निघालं. घरी बसलेली दिसली तसं पाव्हणे इचारायला लागले."

मी बाईंकडं बघायचं टाळलं. त्यांनी चष्मा काढला, पदरानं पुसला, परत घातला. मी दहा वर्षांत कुठल्याही मुख्याध्यापकाला कुठल्याही पालकासमोर जे बोलताना ऐकलं नव्हतं ते त्या बोलल्या.

"चूक माझी आहे, माधवराव. मी हजेरी बघितली, वाट बघितली नाही. माझ्या चुकीची शिक्षा तिला देऊ नका. परवापासून वाडीची सगळी मुलं-मुली एकाच दिवशी येतील. भाऊ-बहीण एकत्र."

माधवराव गडबडले. शहाणा माणूस भांडायला आला तर त्याला तोंड देता येतं, चूक कबूल करायला आला तर काय करावं ते कळत नाही. आवाज ऐकून शेजारचे दोघं-तिघं ओट्यापाशी जमले होते. त्यांच्यासमोर माधवराव म्हणाले, "बरं. तुमी एवढ्या आलात. परीक्षा होवस्तोर लगीन न्हाई. ही माझी जबान."

वाटेत मी विचारलं, "बाई, तुम्ही कळवणार का नाही?"

"आज कळवलं तर लग्न थांबेल, पण पोरगी शाळेत येणार न्हाई. वाडीची एकबी येणार न्हाई. मला दोन्ही पाहिजेत, सर. कळवायचा फोन काय, माझ्या हातातच हाय." बाई चिडल्या होत्या, पण माधवरावांवर नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळी विभागणी मोडली. हजेरी बाजूला ठेवली आणि प्रत्येक पोराला विचारलं, कुठल्या वाटेनं येता, कुणाच्या सोबत येता. एका वाटेची पोरं एका दिवशी. शेख सरांनी नव्या संख्येप्रमाणे गोल पुसून पुन्हा आखले. वाडीची पोरं पुढं, पोरी मागं, अशी रांग फाटकात आली तेव्हा बाई गन घेऊन उभ्या होत्या. शीतलच्या कपाळाला त्यांनी गन लावली. म्हणाल्या, "उशीर झाला तुम्हाला." शीतलला वाटलं, बाई तिलाच रागावतायत. ती म्हणाली, "सॉरी, बाई." बाई म्हणाल्या, "तुम्हाला नाही म्हणाले."

सगळ्याच परतल्या असं नाही. नववीतली एक पोरगी मामाच्या गावाला पाठवली होती, तिथंच तिचं उरकून टाकलेलं. बाईंनी कळवलं, कागद पाठवले, चकरा मारल्या. पण झालेलं झालं होतं. वर्ष संपेपर्यंत बाई हजेरीत तिचं नाव घेत राहिल्या. वर्गात कुणी हसत नसे.

ती थंडी आम्ही कशीबशी काढली. उन्हाळा तोंडावर आला आणि दुसरी लाट आली. शाळा पुन्हा बंद. या खेपेला माणसं ओळखीची जायला लागली. नांदेडला खाटा मिळेनात, रोज सकाळी मोबाइल उघडायची भीती वाटायची. शेख सरांचे थोरले भाऊ गेले. आणि मग एक दिवस टीव्हीवर आलं, दहावीची परीक्षा रद्द. सगळे पास. शहरातली पोरं नाचली म्हणे. मी सगळ्यात आधी बाईंना फोन लावला. त्यांनी बातमी ऐकून घेतली. मग म्हणाल्या, "माधवरावांनी टीव्ही बघितला असेल."

मे अखेरीला बाईंची निवृत्ती होती. निरोप समारंभाला परवानगी नव्हती, आणि असती तरी त्यांनी करू दिला नसता. ऑफिसात आम्ही चौघं. शेख सरांनी शाल आणली होती, ती त्यांनी टेबलावर ठेवली आणि मागं सरकले. बाईंनी चार्ज दिला, किल्ल्या दिल्या, टेबलाचा खण पुसला. मग मला म्हणाल्या, "गजाननचा फोन आला होता. येत्या आठवड्यात लग्न आहे. वाडीला जायचं." मी म्हणलं, "बाई, आजच्या दिवशी तरी..." त्यांनी नुसतं बघितलं.

ऊन कडक. केळीच्या वाटेत वारा नव्हता. बाई दोनदा बांधावर टेकल्या.

माधवराव ओट्यावरच होते, अंगानं उतरलेले. त्यांच्याही घरात दोघं आजारी पडून उठले होते. "या बाई. आज रिटायर झालात म्हणं."

"संध्याकाळी होते. अजून आहे मी मुख्याध्यापिका. लग्न ठरलं?"

"हाव. पोरगी पास झाली, समद्याच झाल्या. म्या माझी जबान पाळली."

"काय जबान दिली होती?"

"परीक्षा होवस्तोर लगीन न्हाई."

"परीक्षा झाली का?"

माधवराव हसले. "आता बाई, सरकारनंच रद्द केली की."

"सरकारचं मी विचारलं नाही. परीक्षा झाली का?"

"न्हाई झाली."

"मग?"

माधवराव माझ्याकडं बघायला लागले, जसं काही मी काहीतरी मार्ग काढणार. मी केळीकडं बघत राहिलो.

"बाई, हे काय बोलणं झालं का? अशानं तर पोरगी घरात म्हातारी होईल."

"अठराची तरी होऊ द्या. शब्द तुमचा आहे. माझ्या पदरचं एक अक्षर त्यात नाही. चारचौघांत तुम्हीच बोललात. मोडायचा असला तर मोडा. मग माझ्याकडं कायदा आहे, आणि संध्याकाळपर्यंत माझी सही चालते." एवढं बोलून बाई थांबल्या. पुढचं त्यांच्या शाळेच्या भाषेतलं नव्हतं. "पर मला कायदा काढायचा न्हाई, माधवराव. म्या लई दमले. वरीसभर दारात हुबं राहून पोरांचं कपाळ मोजलं. कुठलं वाचलं, कुठलं न्हाई वाचलं, हिशेब लागंना. ही एक लेक मला द्या. रिकाम्या हातानं घरी धाडू नका."

मग माधवरावांनी कमरेचा मोबाइल काढला. बोलताना ते ओरडतात, त्यामुळं सगळी वाडी ऐकत होती.

"रामराम पाव्हणं... न्हाई, तारखेचं जरा थांबवावं लागतंय... पोरीची परीक्षा पुढं ढकलली म्हणून राहिलेत." पलीकडून मोठा आवाज आला. सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक होतं की परीक्षा रद्द झालीय, औश्याला का ठाऊक नसेल? माधवरावांनी डोळे मिटून घेतले. "टीव्हीवाले काय, कायबी दाखवतेत. शाळेच्या हेडबाई सोता म्होरं बसल्यात... कवा व्हायची ते सांगता येत न्हाई... हाव, तुमाला घाई असंल तर दुसरीकडं बघा."

फोन ठेवून ते म्हणाले, "तुमी माणसाला जगू देत न्हाईत, बाई." बाईंनी लांबूनच हात जोडले. मला तर त्या क्षणी त्या माणसाच्या पाया पडावंसं वाटलं.

शीतल अंगणाच्या कडेपर्यंत आली. "बाई, परीक्षा खरंच होणार हाय का?"

"नाही."

"मंग?"

"मग अभ्यास करा," बाई म्हणाल्या आणि वाटेला लागल्या.

शीतल आज नांदेडला नर्सिंग शिकते. औश्याच्या पाव्हण्यांनी त्याच महिन्यात दुसरीकडं उरकलं. बाईंना मी सणासुदीला फोन करतो. दोन वाक्यं बोलतात, माझ्या लेकरांचं विचारतात, ठेवून देतात. पण मी त्यांना शेवटचं बघितलं ते त्याच दिवशी, फाट्यावर.

एस.टी. बंद होती. नांदेडकडं जाणारी एखादी जीप मिळेल म्हणून बाई झाडाखाली थांबल्या होत्या. मी शाळेतून गाडी घेऊन परत आलो तेव्हा त्या मास्क काढून, डोळे मिटून दगडावर बसलेल्या. वर्षभर आम्ही एकमेकांचे नुसते डोळेच बघत आलो होतो. गाल आत गेलेले, ओठ सुकलेले, बाई पार म्हाताऱ्या दिसत होत्या. गाडीचा आवाज ऐकून त्यांनी मास्क वर केला आणि म्हणाल्या, "जा सर, घरी वाट बघत असतील."

मी निघणार तेवढ्यात केळीच्या वाटेतून शीतलची आई आली. एकटीच. चपला हातात, धापा टाकत. ती बाईंपासून चार हात अंतरावर थांबली. मला वाटलं काहीतरी विसरलं म्हणून द्यायला आली असेल. तिच्या हातात चपलांशिवाय काही नव्हतं.

"बाई," ती म्हणाली, "म्या सातवीत पयली आल्ते."

बाई दगडावरून उठून उभ्या राहिल्या.

"माझ्या घरी कुणी आलं न्हाई, बाई."

तेवढ्यात नांदेडची जीप आली. आत जागा होती. ड्रायव्हरनं दोनदा हॉर्न वाजवला. बाईंनी त्याच्याकडं न बघताच हातानं खूण केली, आणि जीप जाऊ दिली.